एल्कोचा काउबॉय कवितांचा मेळावा: बाबांना घेऊन जावं का? कोणाला ऐकावं?

ऋतुजा_सॉल्टलेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, पण इथे अमेरिकेच्या पश्चिमेकडे राहणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय.

आई-बाबा हिवाळ्यात आमच्याकडे आलेत. बाबा सांगोल्याकडे शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण पाठांतर अजून तसंच आहे. सकाळी चहा उकळेपर्यंत एखादी आर्या, एखादा श्लोक, पोवाड्याचा एखादा चौक असं काहीतरी चालू असतं. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात मूळचे वायोमिंगचे एक गृहस्थ आहेत. त्यांनी परवा एक व्हिडिओ पाठवला. मोठी हॅट घातलेला, गळ्याला रेशमी रुमाल बांधलेला एक म्हातारा माणूस माईकसमोर उभा राहून यमकात एक लांबलचक गोष्ट सांगत होता. हातात कागद नाही, कुठे अडखळणं नाही. बाबांनी तो दोनदा पाहिला. म्हणाले, "शब्द अर्धेच कळले, पण हा माणूस वाचत नाहीये, त्याला हे मुखोद्गत आहे. असे लोक अजून आहेत का इकडे?"

चौकशी केल्यावर कळलं की नेवाडात एल्को नावाच्या गावी जानेवारीअखेर अशा लोकांचा मोठा मेळावा भरतो. आमच्याकडून गाडीने साडेतीन तास. बाबांना न्यावं असं फार वाटतंय. पण त्यांना हे उच्चार कळतील का? गाण्यांचे कार्यक्रम बघावेत की कवितांचे? तिथे जाऊन आलेलं कोणी आहे का? आई शाकाहारी आहे, तिच्या जेवणाचंही सांगा.

सनीव्हेलकर

मी गेलो नाहीये, पण कंट्री म्युझिक आवडत असेल तर मजा येईल. बाबांना त्या गाण्यांची सवय नसेल तर दोन दिवस जरा जास्त होतील असं वाटतं. एका संध्याकाळचं तिकीट काढून बघा.

गुरांचा_डॉक्टर

ऋतुजाताई, बाबांना नक्की घेऊन जा, आणि एका संध्याकाळवर भागवू नका.

मी परभणीला पशुवैद्यकी शिकलो आणि आता आयडाहोत ट्विन फॉल्सच्या आसपासच्या डेअऱ्यांवर आणि रँचवर (गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यांवर) गुरांचं काम करतो. एल्को आमच्या दक्षिणेला, तीनेक तासांवर. जमेल त्या वर्षी जातो. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिला मेळावा १९८५ च्या जानेवारीत भरला. हॅल कॅनन आणि पश्चिमेकडच्या राज्यांतले काही लोकसाहित्याचे अभ्यासक यांनी गावोगाव चौकशी करून रँचवरचे असे लोक शोधले की ज्यांच्या तोंडी कविता आहेत. त्यातल्या अनेकांना वाटत होतं की आपल्या खोऱ्याबाहेर हे कोणाला माहीतही नसेल. एल्कोत एकमेकांना ऐकलं तेव्हा कळलं की मोंटानातला माणूस म्हणतो तीच कविता ॲरिझोनातल्यालाही पाठ आहे, फक्त दोन ओळी वेगळ्या. २००० साली अमेरिकी सिनेटने या मेळाव्याला राष्ट्रीय मेळावा म्हणून मान्यता दिली.

इतक्या कडाक्याच्या थंडीत का भरवतात, असं लोक विचारतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला ते लगेच कळतं. शरदात वासरं विकून झालेली असतात आणि गायी व्यायला अजून अवकाश असतो. फेब्रुवारी-मार्चात एकदा वेतं सुरू झाली की रँचवरचा माणूस रात्रीतून चार वेळा उठून कळपात फेरी मारतो, तो मेळाव्याला कुठून येणार? हा मेळावा श्रोत्यांच्या सोयीने नव्हे, कवींच्या सोयीने ठरलेला आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आता काय ऐकावं ते सांगतो. संध्याकाळी मोठ्या सभागृहात नामवंतांचे कार्यक्रम असतात, ते चांगलेच असतात. पण तुमच्या बाबांनी जे ओळखलं ते दिवसाच्या छोट्या सत्रांत आहे. तीन-चार माणसं स्टेजवर बसतात, एकेक जण उठतो, कवीचं नाव सांगतो आणि सुरू करतो. बऱ्याचदा ती कविता त्याची स्वतःची नसते. ऐंशी-शंभर वर्षांपूर्वीच्या कवीची असते. दुसऱ्याची कविता उत्तम म्हणून दाखवणं हे तिथे स्वतः लिहिण्याइतकंच मानाचं आहे. रँडी रीमन हे मोंटानाचे घोडे तयार करणारे गृहस्थ असेच. जुन्या कविता इतक्या संथपणे, एकही शब्द न दाबता म्हणतात की बाबांसारख्या माणसाने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. यंदा कोण कोण येणार ते वेळापत्रकात बघून घ्या. रीमन नसले तरी त्या वळणाचे पाठक असतातच.

या जुन्या कवींमध्ये ब्रूस किस्कॅडन माझे सगळ्यात आवडते. जन्म १८७८. तरुणपणी कोलोरॅडो, ॲरिझोनाकडे गुरं राखली, रानटी घोडे वठणीवर आणले. पुढे लॉस एंजेलिसला गेले आणि उरलेलं आयुष्य बरंचसं हॉटेलात लोकांचं सामान उचलणारा बेलबॉय म्हणून काढलं. कविता लिहीत राहिले. लॉस एंजेलिसच्या गुरांच्या बाजाराचं कॅलेंडर निघायचं, त्यावर महिन्याला एक कविता आणि कॅथरीन फील्ड यांचं रेखाचित्र छापलेलं असायचं. ते कॅलेंडर गुरं विकणाऱ्यांच्या घरोघरी, स्वयंपाकघरात टांगलेलं. तिथे महिनाभर नजरेसमोर राहून ती कविता पाठ व्हायची. पुस्तकं जिथे पोचली नाहीत तिथे किस्कॅडन असे पोचले. १९५० साली ते गेले. गुरं रेल्वेत चढवून झाल्यावर, हंगाम संपल्यावर माणसाच्या मनाचं काय होतं यावर त्यांची एक कविता आहे. काम संपलं, पगार मिळाला, सोबती पांगले, आणि आता पुढे काय? मी स्वतः गाव सोडून आलेला माणूस आहे. ती कविता ऐकून पुढच्या सत्राला न जाता मी बाहेर जाऊन बसलो होतो.

तुमच्या बाबांना मुखोद्गत हा शब्द सुचला, पण मला वाटतं एवढ्यावर थांबू नये. या कवितेची खरी कसोटी कामाची आहे. समोर बसलेल्यांतले अर्धे जण तेच काम करणारे. फास कुठल्या हाताने टाकला, खोगिराला दोर कसा गुंडाळला, पहिलटकरीण कालवड कशी अडली, यात एक तपशील चुकला की तो कवी त्यांच्या मनातून उतरतो. मी एकदा वेताची कविता ऐकली. रात्र, बर्फ, अडलेली कालवड, वासराच्या पुढच्या दोन्ही पायांना साखळी. कवी म्हणाला की कळ आली की ओढायचं, कळ ओसरली की थांबायचं. माझ्या शेजारी एक सत्तरीचे रँचवाले बसले होते. प्रत्येक ओळीला त्यांच्या मुठी मिटत आणि सुटत होत्या. माझ्याही. साखळीवर हात ठेवल्याशिवाय ही ओळ लिहिता येत नाही.

याच कारणाने बॅक्स्टर ब्लॅक माझ्या घरात देवासारखे आहेत. ते मोठ्या जनावरांचे डॉक्टर, १९६९ साली कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीतून पदवी घेतलेले. नंतर पूर्णवेळ कवी झाले, एनपीआर या अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर वर्षानुवर्षं बोलले. विनोदी कविता म्हणायचे, हातपाय नाचवत, घामाघूम होऊन. पण गाय, डॉक्टर आणि मालक या तिघांमध्ये रात्रीच्या वेळी काय घडतं ते त्यांच्याइतकं अचूक कोणी सांगितलं नाही. २०२२ च्या जूनमध्ये ते गेले. ध्वनिमुद्रणं भरपूर आहेत, बाबांना ऐकवा. वेगात बोलतात, म्हणून आधी दुसरे ऐकू द्या, मग हे.

उच्चारांचं म्हणाल तर एक उपाय आहे. जाण्याआधी जुन्या चार-पाच कविता मोठ्या अक्षरात छापून बाबांच्या हातात द्या. किस्कॅडन यांच्या दोन, बॅजर क्लार्क यांच्या दोन. क्लार्क साउथ डकोटाचे पहिले राजकवी. त्यांनी लिहिलेली काउबॉयची प्रार्थना इतकी लोकांची झाली की ठिकठिकाणी 'कवी अज्ञात' म्हणून छापली गेली. याच कविता मेळाव्यात पुन्हापुन्हा कानावर पडतात. ज्याला कविता आधीच माहीत आहे त्याला उच्चाराची अडचण येत नाही. आणि बाबांनी कॉलेजात मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची कथाकाव्यं वाचली असतील तर छंद लगेच ओळखीचा वाटेल. काउबॉय लोकांत किपलिंग आणि रॉबर्ट सर्व्हिस यांच्या कविता पाठ म्हणायची चाल होती, त्या घडणीतूनच त्यांनी आपली कविता बांधली.

कंट्री म्युझिक वेगळं आणि हे वेगळं. त्याबद्दल गाणारं कोणी लिहील तर बरं.

ऋतुजा_सॉल्टलेक

डॉक्टर, किती मनापासून लिहिलंत! बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. किस्कॅडनच्या कॅलेंडरपाशी त्यांनी मला थांबवलं आणि तेवढं पुन्हा वाचायला लावलं. त्यांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत लिहिते: "ही कविता आणि ही गाणी काम करता करता म्हणायची, की काम झाल्यावर?"

मुग्धा_मिडलंड

गाण्यांबद्दल मी लिहिते. मी पश्चिम टेक्सासात राहते, शास्त्रीय गाणं शिकलेली आहे, आणि गेली काही वर्षं या गाण्यांच्या नादी लागले आहे.

बाबांचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. उत्तर दोन्ही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर टेक्सासातून उत्तरेला कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरांचे कळप हाकत न्यायचे. एका कळपात दोन-तीन हजार गुरं, दिवसाला दहा-पंधरा मैल. रात्री कळप बसवला की पहारा. दोन घोडेस्वार एकमेकांच्या उलट दिशेने कळपाभोवती चकरा मारत राहायचे, साधारण दोन तासांची पाळी. आणि ते गात राहायचे, कारण अंधारात अचानक काही खुट्ट झालं तर गुरं बिथरून उधळतात आणि एकदा उधळली की माणूसही जातो, गुरंही जातात. सतत चालू असलेला ओळखीचा आवाज असला की ती शांत राहतात. ज्याला गाणं येत नव्हतं तो भजनं म्हणायचा, नाहीतर नुसतं गुणगुणायचा. म्हणून रात्रीच्या पहाऱ्याची गाणी संथ आहेत, स्वर लांब धरलेले, मध्ये कुठे झटका नाही. ही झाली कामातली गाणी. लांब कथाकविता मात्र काम संपल्यावरच्या, शेकोटीपाशी नाहीतर गड्यांच्या झोपायच्या खोलीत म्हणायच्या.

ही गाणी गोळा करणारा पहिला माणूस स्वतः गुरं राखणारा होता. जॅक थॉर्प, न्यू मेक्सिको. १९०८ साली एस्टन्सिया गावात त्याने एक छोटी पुस्तिका छापून घेतली, तेवीस गाणी. घोड्याखाली चिरडून मेलेल्या एका पोरसवदा राखोळ्याचं त्याने स्वतः रचलेलं गाणंही त्यात होतं, आणि त्यावर त्याने आपलं नाव घातलं नाही. दोन वर्षांनी जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह आला.

सनीव्हेलकर, कंट्री म्युझिक नॅशव्हिलचं, त्यातला विषय बहुतेक प्रेम, घर, दारू, विरह. ही वेस्टर्न गाणी माळरानाची, जनावरांची, पाण्याची आणि एकटेपणाची. पुढे ती सिनेमात गेली हे खरं. सन्स ऑफ द पायोनियर्स हा १९३० च्या दशकातला गट बाबांना जरूर ऐकवा. तीन आवाज इतके एकजीव की श्वासही एकत्र घेतात. त्यांची गाणी रचणारा बॉब नोलन कॅनडात जन्मला आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात वाढत्या वयात आला. वाऱ्यावर घरंगळत जाणाऱ्या वाळल्या झुडपांवरचं त्याचं गाणं त्याने लॉस एंजेलिसला गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम करत असताना लिहिलं. ती परंपरा आज रायडर्स इन द स्काय चालवतात. त्यांच्यातला फिडल वाजवणारा वूडी पॉल एमआयटीचा डॉक्टरेट आहे. ऋतुजा, तुमच्याकडे लहान मुलं असतील तर त्यांना वायली गुस्ताफसन दाखवा. याहूच्या जाहिरातीतली ती प्रसिद्ध हाळी याच माणसाच्या गळ्यातली. यॉडल म्हणजे छातीच्या आवाजातून क्षणात वरच्या पातळ आवाजात उडी. आमच्या गुरुजींनी असा सांधा दिसू द्यायचा नाही असं शिकवलं होतं, इथे तो सांधाच दाखवायचा असतो. मला त्याची गोडी लागायला वेळ लागला, पण आता मी ते रोज घोटते.

पण मला एकच गायक निवडायला सांगितलं तर डॉन एडवर्ड्स. २०२२ मध्ये गेले. फोर्ट वर्थच्या जुन्या गुरांच्या बाजारात एका दारूच्या बारमध्ये वर्षानुवर्षं गायले. एक गिटार, एक आवाज, कुठेही घाई नाही. रात्रीच्या पहाऱ्याची गाणी त्यांनी म्हटली की ती खरोखर गुरांसाठी म्हटल्यासारखी वाटतात, श्रोत्यांसाठी नाही.

आणि बक रॅमझी. अमारिलोचे. ऐन तारुण्यात घोड्यावरून पडले आणि उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेलं. ज्याला पुन्हा कधी खोगिरावर बसता येणार नव्हतं त्या माणसाने जुनी गाणी जपली आणि गवताळ प्रदेशावर एक दीर्घकाव्य लिहिलं. त्याचा छंद कुठला? पुश्किनने आपल्या पद्य कादंबरीसाठी घडवलेला चौदा ओळींचा. रशियन कवीची रचना टेक्सासच्या गुराख्याने उचलली आणि ती तिथलीच वाटते. १९९५ साली त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलावंतांचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, १९९८ ला ते गेले. त्या काव्याची सुरुवात पहाटे घोड्यावर निघालेल्या गुराख्यांची आहे. मला ती मोठ्याने वाचताना आजही मध्येच थांबावं लागतं.

एल्को जमलं नाही तर आमच्याकडे अल्पाइन गावी मेळावा असतो, तिथला पहिला १९८७ साली भरला होता. लहान आहे, पण जोएल नेल्सन तिथलेच. घोडे शिकवतात, व्हिएतनाम युद्धात होते. त्यांच्यासारखा कवितेत थांबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नाना_औंध

सगळं वाचलं. माहिती उत्तम. पण एक शंका राहतेच. काउबॉय म्हटलं की सिनेमातला गोरा, देखणा, बंदूकवाला नायक डोळ्यांपुढे येतो, आणि त्याच जमिनीवरून ज्यांना हुसकावलं ते मूळ रहिवासी बाजूला राहतात. तुम्ही ज्याला परंपरा म्हणताय ती या गौरवापासून वेगळी आहे का? की हॅट घालून जुने दिवस आळवणं एवढंच?

गुरांचा_डॉक्टर

नाना, प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून हा विषय बोलूच नये.

आधी रंगाचं. त्या कळपांमागे चालणाऱ्यांत साधारण चारातला एक कृष्णवर्णीय होता असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शिवाय मेक्सिकन होते. दोर, खोगीर, घोडा शिकवण्याची पद्धत, हे सगळं कसब मुळात त्यांच्याकडूनच आलेलं. सिनेमाने ही माणसं पुसली. डॉम फ्लेमन्स या कृष्णवर्णीय गायकाने २०१८ साली स्मिथसोनियन फोकवेज या लोकसंगीताच्या प्रकाशनाकडून काळ्या काउबॉयांच्या गाण्यांची एक तबकडी काढली. बँजो, हाडांच्या चिपळ्या आणि शेतातल्या हाका. नाना, ती ऐका, मग बोलू.

मूळ रहिवाशांचं म्हणाल तर हेन्री रिअल बर्ड यांचं नाव घेतो. क्रो जमातीचे, रँचवर वाढलेले, मातृभाषा क्रो. ते मोंटानाचे राजकवी होते तेव्हा, २०१० साली, घोड्यावर बसून शेकडो मैल गेले आणि वाटेत भेटेल त्याला कवितेची पुस्तकं देत गेले. ते एल्कोच्या मंचावर येतात आणि त्यांच्या कवितेत घोडा असतो, नदी असते, पण जमीन कोणाची होती हा प्रश्न बाजूला पडत नाही. बायकाही आहेत. जॉर्जी सिकिंग नावाच्या आजी होत्या, ॲरिझोनात आणि नेवाडात पुरुषांच्या बरोबरीने पगारी गुराखी म्हणून राबलेल्या. त्यांच्या कवितेत ते श्रम आहेत, आणि बाई म्हणून दोनदा सिद्ध करावं लागतं त्याची चीड आहे.

जुने दिवस आळवणं असतं, मी नाकारत नाही. काही कविता नुसत्या हळहळीच्या असतात आणि त्या मलाही आवडत नाहीत. पण वॉलेस मॅक्रे घ्या. मोंटानात रोजबड ओढ्याच्या काठचे, तिसऱ्या पिढीचे रँचवाले. त्यांची जगभर गाजलेली कविता पुनर्जन्मावर आहे. एक गुराखी दुसऱ्याला विचारतो पुनर्जन्म म्हणजे काय, आणि दुसरा समजावून सांगतो: तुला पुरतात, त्या मातीवर गवत उगवतं, त्यात एक फूल येतं, ते घोडा खातो, आणि मग घोड्याच्या पोटातून जे बाहेर पडतं ते पाहून तुझा मित्र म्हणतो, तू फारसा बदललेला दिसत नाहीस. ऋतुजाताई, बाबा यावर खळखळून हसतील. पण मॅक्रे यांची मला मोठी वाटणारी कविता दुसरीच आहे. त्यांच्या भागात कोलस्ट्रिप इथे कोळशासाठी जमीन सोलून काढली, वीजकेंद्रं आली. कवितेत ते एकेक जागा आठवतात. वडिलांनी १९१३ साली ज्यावर आपलं नाव कोरलं होतं तो खडक, जो आता सुरुंगाने उडवलाय. ज्याची किंमत कंपनीच्या हिशोबात कधीच लागत नाही अशा गोष्टींची ती यादी आहे. हे जुने दिवस आळवणं नाही नाना, ही तक्रार आहे, आणि ती करणारा माणूस खाणीविरुद्ध उघडपणे उभा राहिलेला होता. १९९० साली त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, तो मान मिळालेले ते पहिले काउबॉय कवी.

आमच्या परभणीकडे धरणात गेलेल्या गावांची माणसं अशीच बांध, विहीर, चिंच अशी नावं घेत बोलतात. मॅक्रे ऐकताना मला तीच माणसं ऐकू येतात.

या माणसांचं काम अजून संपलेलं नाही, हे लोकांना पटवून द्यावं असं मला फार वाटतं. मी आठवड्यातून कितीतरी वेळा अशा घरांत जातो. कर्ज आहे, पाण्याचे वाद आहेत, मुलं शहरात गेलीत, चाऱ्याचे भाव आहेत. आज लिहिणारे या सगळ्यावर लिहितात. पॉल झार्झिस्की आहेत, रोडिओत (बिथरलेल्या घोड्यांवर टिकून बसायच्या स्पर्धांत) बिनखोगिराच्या घोड्यांवर बसायचे, मुक्तछंदात लिहितात. सुरुवातीला काहींना ते यमकाशिवाय चालेना, पण आज त्यांच्या सत्राला जागा मिळत नाही. कॅनडाचे इयन टायसन होते, अल्बर्टात स्वतःचं रँच चालवायचे. उतारवयात आवाज फाटला तरी त्या फाटक्या आवाजात नवी गाणी लिहून गात राहिले. २०२२ च्या डिसेंबरात गेले. एकाच वर्षात ब्लॅक, एडवर्ड्स आणि टायसन. त्यामुळे ऋतुजाताई, जे आहेत त्यांना ऐकायला यंदाच जा.

नाना_औंध

डॉक्टर, पटलं. कोलस्ट्रिपची कविता शोधून वाचली. फ्लेमन्सचंही ऐकतोय.

ऋतुजा_सॉल्टलेक

तिकिटं काढली! शुक्रवार-शनिवार दिवसाची सत्रं आणि शनिवारची एक संध्याकाळ. किस्कॅडन आणि क्लार्क छापून दिलेत, बाबांनी काल रात्री जेवायच्या आधी किस्कॅडनची चार कडवी म्हणून दाखवली, उच्चार सोलापुरी पण छंद चोख. पुनर्जन्माची कविता नवऱ्याने वाचून दाखवली आणि आईसुद्धा हसली. आता रस्ता आणि जेवण तेवढं सांगा.

गुरांचा_डॉक्टर

वा! बाबांना माझा नमस्कार सांगा.

रस्ता सरळ आहे, आय-८० धरून पश्चिमेला. मिठागरं ओलांडली की वेंडोव्हर. वेंडोव्हर आणि वेल्सच्या मध्ये पेक्वॉप समिट लागतं, जवळपास सात हजार फूट. जानेवारीत तिथे वारा आणि बर्फ दोन्ही असतं, म्हणून उजेडातच पार करा आणि निघण्याआधी नेवाडाची ५११ ची रस्त्यांची माहिती बघा. टायर हिवाळ्याचे हवेत. एल्कोचं घड्याळ तुमच्यापेक्षा एक तास मागे आहे. जाताना तास मिळतो, परतताना जातो.

मेळावा भरवणारं वेस्टर्न फोकलाइफ सेंटर गावाच्या मधोमध, जुन्या पायोनियर हॉटेलच्या इमारतीत. मोठे कार्यक्रम कन्व्हेन्शन सेंटरला. दोन्ही ठिकाणांत अंतर आहे आणि फुटपाथवर बर्फ असतो, त्यामुळे बाबांना चालवू नका, गाडीने सोडा. छोट्या सत्रांना अर्धा तास आधी जाऊन पुढची खुर्ची धरा. ओठ दिसले की शब्द लवकर कळतात.

जेवणासाठी सगळे स्टार हॉटेलला जातात, १९१० पासूनचं बास्क लोकांचं ठिकाण, मेंढ्या राखायला आलेल्यांसाठी उघडलेलं. सूप, सॅलड, बीन्स, बटाटे टेबलावर मोठ्या भांड्यांतून येतात, पण मुख्य जेवण मांसाहारी. सूप आणि बीन्समध्ये मांस आहे का ते आईंसाठी विचारून घ्या. सरळ सोय हवी तर गावात मेक्सिकन हॉटेलं आहेत, आणि खोलीत मायक्रोवेव्ह असेल तर थालीपीठं आणि दही बरोबर घ्या. आम्ही तेच करतो.

शनिवारी सकाळी मी ओपन माइकच्या (कोणीही उठून कविता म्हणावी अशा) खोलीत असेन. तपकिरी हॅट आणि परभणीच्या कॉलेजचा जुना स्वेटर. हाक मारा.